स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तळमजला अधिक सात मजल्यांचं व्यापारी संकुल, खाली बेसमेंट पार्किंग, आणि तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर. चौथ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात स्प्रिंकलरच्या पाइपातून फॉल्स सीलिंगवर पाणी ठिबकतंय. भाडेकरूचं म्हणणं, मजल्याचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा, नाहीतर कधीतरी सगळी हेडं एकदम सुटतील आणि माझे कॉम्प्युटर जातील. कमिटीतले बरेच जण त्याच्या बाजूचे. ही सिस्टीम नेमकी चालते कशी आणि व्हॉल्व्ह बंद ठेवला तर खरंच काही बिघडतं का, हे तुम्हाला हवंय.

बंद ठेवू नका. गळती काढणं काही तासांचं काम असतं. तेवढ्यापुरता बंद करायचा आणि काम झालं की त्याच दिवशी उघडायचा. असं का म्हणतोय ते कळायला पाण्याचा रस्ता उलटा धरूया, छतावरच्या हेडपासून पंपरूमपर्यंत.

छतात दिसणारं ते छोटं पितळी हेड म्हणजे मुळात पाइपाचं बूच. पाइपात चोवीस तास दाबाखालचं पाणी उभं असतं आणि ते अडवून धरलेलं असतं एका चकतीनं. त्या चकतीला टेकू असतो जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या बल्बचा. बल्बच्या आत ग्लिसरीनच्या जातीचा रंगीत द्रव आणि एक बारीक हवेचा बुडबुडा. आग लागली की गरम हवा सरळ छताला जाते आणि तिथे पसरते. द्रव तापून फुगतो, बुडबुडा दबत दबत नाहीसा होतो, मग द्रवाला फुगायला जागाच उरत नाही आणि काच तडकते. टेकू गेला की चकती उडते. पाण्याची धार खालच्या दातेरी पत्र्यावर, म्हणजे डिफ्लेक्टरवर, आपटते आणि छत्रीसारखी पसरते. यात कुठेही वीज नाही, सेन्सर नाही, पॅनेल नाही. म्हणूनच १८७४ साली अमेरिकेत हेन्री पार्मलीनं आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी पेटंट घेतलेली ही कल्पना मुळात आजही तीच आहे.

बल्बचा रंग शोभेचा नसतो. लाल म्हणजे ६८ अंश सेल्सिअसला फुटणारा, तुमच्या ऑफिसांत बहुतेक हाच असणार. पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. त्या जागेचं नेहमीचं कमाल तापमान जितकं असेल त्याच्या निदान ३० अंश वरचा बल्ब घ्यायचा, हा ढोबळ नियम. त्यामुळे पत्र्याच्या छपराखाली किंवा हॉटेलच्या किचनमध्ये लाल बल्ब लावणं चूक. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या गोदामात पत्र्याखाली हवा किती तापते ते तिथे वर चढून काम केलेल्यालाच माहीत.

आता तुमच्या भाडेकरूची भीती. हेड धुरानं उघडत नाही. सिगारेट, खालच्या हॉटेलातली फोडणी, देवघरातला धूप, कशानंही नाही. धुरावर चालतो तो स्मोक डिटेक्टर, तो वेगळा, आणि तो फक्त बोंब मारतो. आणि एक हेड उघडलं म्हणून शेजारचं उघडत नाही, कारण प्रत्येकाचा बल्ब स्वतःपुरता तापावा लागतो. सगळीकडून एकदम पाऊस पडतो तो सिनेमात, किंवा मोठ्या ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या डिल्यूज सिस्टीममध्ये, जिथे हेडांना बल्बच नसतो. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षेच्या संस्थेनं वर्षानुवर्षं आगींच्या नोंदी गोळा केल्या आहेत. स्प्रिंकलर चालले अशा दर चार आगींपैकी तीनांहून जास्त आगींत एकच हेड उघडलं होतं. पाचापेक्षा जास्त हेडं उघडावी लागली असं शंभरात जेमतेम तीन-पाच वेळा.

पाणी किती पडतं? नेहमीच्या हेडचा के-फॅक्टर ८० असतो. दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि ८० नं गुणायचं, की मिनिटाला किती लिटर ते मिळतं. हेडपाशी एक बार दाब असेल तर ८० लिटर, दोन बार असेल तर साधारण ११३ लिटर. वीस मिनिटं चाललं तर दोन हजार लिटरच्या आसपास. त्या हेडखालची दोन-चार टेबलं गेली हे खरं. पण हेडच नसेल तर अग्निशमन दल येईपर्यंत आग अख्ख्या मजल्यावर फिरलेली असते, आणि मग त्यांच्या एकेका पाइपातून मिनिटाला काहीशे लिटर पाणी आत येतं. काचा फोडून, खिडकीतून, जिथे पोचेल तिथे. त्यानंतर कॉम्प्युटर मोजायला कोणी आत जात नाही.

हेडपासून मागे चला. बारीक पाइप जाड पाइपाला मिळतात आणि मजल्याचं सगळं जाळं शाफ्टमधल्या एका उभ्या पाइपाला, राइझरला, जोडलेलं असतं. या जोडावर दोन वस्तू असतात. एक मजल्याचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, दुसरा फ्लो स्विच. फ्लो स्विचची एक पट्टी पाइपात पाण्याच्या वाटेत असते. पाणी वाहू लागलं की ती झुकते आणि फायर अलार्मच्या पॅनेलवर 'चौथा मजला' असा दिवा लागतो. पाणी नुसतं हिसक्यानं हललं तर खोटा अलार्म वाजू नये म्हणून तिला अर्धा-एक मिनिटाचा उशीर लावून ठेवतात. खाली राइझरच्या पायथ्याशी अलार्म व्हॉल्व्ह असतो. पाणी वर वाहू लागलं की त्यातली झडप उचलली जाते आणि थोडं पाणी एका बारीक नळीतून जाऊन भिंतीवरची घंटा वाजवतं. ही घंटा निव्वळ पाण्याच्या जोरावर वाजते, लाइट गेले तरी. बहुतेक इमारतींत या नळीवरची बारीक चावी कोणीतरी 'आवाज फार होतो' म्हणून फिरवून ठेवलेली सापडते. तुमच्याकडे बघून घ्या.

मग पंपरूम. स्प्रिंकलर समजायचे असतील तर छताकडे कमी आणि इथे जास्त बघावं, असं माझं मत आहे. पुण्या-मुंबईच्या पंपरूममध्येच माझं कामाचं आयुष्य गेलंय, म्हणून असेल.

इथे तीन पंप महत्त्वाचे. छोटा जॉकी, मोठा इलेक्ट्रिक आणि त्याला पर्यायी डिझेल. समजा हेडरवर, म्हणजे पंपांचं पाणी जिथे एकत्र येतं त्या जाड पाइपावर, सात किलो प्रेशर (जवळपास सात बार) धरलंय. दाब साडेसहावर आला की जॉकी चालू होतो, सात झाले की आपोआप बंद. पॅकिंगमधून झिरपलं, रात्री पाणी थंड होऊन थोडं आकसलं, एवढं भरून काढणं हेच त्याचं काम. हेड उघडलं आणि जॉकीच्या ताकदीबाहेर पाणी जाऊ लागलं की दाब आणखी उतरतो. समजा पाचला मोठा पंप धडकन चालू होतो, आणि वीज गेलेली असेल तर चारला डिझेल. मोठा पंप आपोआप चालू होतो पण आपोआप बंद होत नाही, तो माणसानंच बंद करायचा. ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. आगीत दल आलं की इमारतीची वीज तोडायला सांगतं, म्हणून फायर पंपाची लाइन मेन ब्रेकरच्या आधीच वेगळी काढलेली असावी लागते. तुमच्या इलेक्ट्रिशियनला एवढं एक विचारून ठेवा.

तुमच्या ठिबकण्याचा संबंध इथे येतो. चौथ्या मजल्यावर पाणी ठिबकतंय म्हणजे दाब हळूहळू उतरतोय. म्हणजे जॉकी पुन्हा पुन्हा चालू होतोय. रात्री वॉचमनच्या खोलीशेजारी तो घरघर करतो, तेव्हा एक दिवस वॉचमन जॉकीचा सिलेक्टर 'ऑटो'वरून 'ऑफ'वर नेतो. आता दाब भरणारं कोणी नाही. दोन दिवसांनी तो पाचाच्या खाली जातो आणि आग नसताना मोठा पंप भर रात्री धडधडायला लागतो. सगळे घाबरून खाली येतात, इलेक्ट्रिशियन येतो आणि मोठ्या पंपालाही 'मॅन्युअल'वर टाकून जातो. 'नंतर बघू.' पॅनेलचा बझर कोणीतरी सायलेंट करतं. एका सैल सांध्यापायी महिन्याभरात अख्ख्या इमारतीची सिस्टीम मरते, आणि छताकडे बघणाऱ्याला सगळी हेडं जागच्या जागी चकचकीत दिसतात. ही साखळी मी इतक्या ठिकाणी बघितली आहे की नव्या इमारतीत शिरलो की आधी तीनही सिलेक्टर कुठे आहेत ते बघतो, नकाशे नंतर.

एनएफपीएच्याच नोंदींत आणखी एक गोष्ट आहे. स्प्रिंकलर असूनही आगीत चालले नाहीत अशा घटनांत निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच निघालं: सिस्टीम आधीच बंद करून ठेवलेली होती. बल्ब न फुटल्याचं कारण यादीत फार खाली येतं.

लॉस एंजेलिसला ४ मे १९८८ रोजी फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत रात्री आग लागली. इमारतीत स्प्रिंकलर बसवण्याचं काम जवळपास संपलं होतं. पाइप होते, हेडं होती. फ्लो अलार्मची जोडणी व्हायची होती म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवले होते. बाराव्यापासून सोळाव्यापर्यंतचे मजले जळाले आणि आग बघायला लिफ्टनं गेलेला देखभाल विभागाचा एक कर्मचारी गेला.

त्याच्या उलट उदाहरण फिलाडेल्फियाचं. वन मेरिडियन प्लाझा, ३८ मजले, २३ फेब्रुवारी १९९१. जवसाचं तेल लागलेली फडकी बाविसाव्या मजल्यावर पडून होती, ती आपोआप तापून पेटली. त्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते. वीज गेली, दलाच्या होजला पुरेसा दाब मिळेना कारण हायड्रंटच्या लाइनवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे सेट केलेले. अग्निशमन दलाचे तीन जवान मेले. आठ मजले जाळत आग तिसाव्या मजल्याला पोचली आणि तिथे थांबली. तिसाव्या मजल्याच्या भाडेकरूनं आपल्या खर्चानं स्प्रिंकलर बसवून घेतले होते. तिथे दहा हेडं उघडली. त्यांना पाणी पुरवलं ते खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या दलाच्या पंपांनी. तुमच्या गेटपाशी भिंतीत लाल रंगाचं चार तोंडांचं इनलेट असेल, ते याच कामासाठी. त्याच्यासमोर स्कूटरी लावू देऊ नका. तोंडांवरची झाकणं आहेत की भंगारवाल्याकडे गेली तेही बघा.

आपल्याकडे व्हॉल्व्ह बंद राहण्याचं मुख्य कारण इंटिरियरची कामं. नवा भाडेकरू येतो, केबिना पाडतो, हेडं सरकवायची म्हणून प्लंबर मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करतो. सीलिंगवाल्याचं काम लांबतं, प्रेशर टेस्ट 'पुढच्या आठवड्यात' जाते, आणि उद्घाटनाचा नारळ व्हॉल्व्ह बंद असतानाच फुटतो. बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या गिअरवर एक दर्शक काटा असतो, तो उघडा की बंद ते दाखवतो. पण शाफ्टला कुलूप असतं आणि किल्ली हाउसकीपिंगकडे. व्हॉल्व्हवर टॅम्पर स्विच बसवून पॅनेलला जोडलेला असेल तर व्हॉल्व्ह फिरला की पॅनेलवर कळतं. नसेल तर कमिटीनं पहिला खर्च हाच करावा. तोपर्यंत साखळी-कुलूप घालून उघड्या स्थितीत अडकवून ठेवा आणि बंद करायचाच तर नाव, तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी पंपरूमच्या दाराला लावायची, असा नियम करा.

इंटिरियरवाल्यांचे बाकीचे उद्योगही बघा. सपाट पांढऱ्या झाकणाची जी हेडं असतात त्यांची झाकणं कमी वितळबिंदूच्या सोल्डरनं चिकटवलेली असतात. ६८ अंशांच्या हेडचं झाकण साधारण ५७ अंशांना सुटून खाली पडायला हवं. रंगारी सीलिंगबरोबर त्यांच्यावरही रोलर फिरवतो आणि रंगाच्या थरानं ती कडेला चिकटून बसतात. साध्या हेडच्या बल्बवर रंग उडाला तर तो खरवडायचा नाही, हेडच बदलायचं. नव्या हेडवर वाहतुकीसाठी घातलेली प्लास्टिकची टोपी काढायची राहिली, हेही नेहमीचंच. काचेच्या नव्या केबिनमध्ये हेडच नाही आणि बाहेरच्या हेडचा फवारा काचेला अडतो, हे त्याहून नेहमीचं. फायलींचे रॅक छतापर्यंत नेलेले असतील तर डिफ्लेक्टरखाली निदान अर्धा मीटर मोकळं करायला लावा. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे तिथेही हेडं लागतात.

एक गोष्ट मात्र नुसतं बघून कळत नाही. सिस्टीम कशासाठी डिझाइन केली होती? आयएस १५१०५ या भारतीय मानकात ऑफिस हलक्या धोक्यात धरलंय: चौरस मीटरला मिनिटाला २.२५ लिटर, आणि एकावेळी ८४ चौरस मीटरवरची हेडं चालतील असं गृहीत. म्हणजे मिनिटाला १९० लिटरच्या आसपास. मध्यम धोक्याला ५ लिटर आणि ३६० चौरस मीटर, म्हणजे १८०० लिटर. जवळपास दहापट. हेडंही तेव्हा दाट लागतात, हलक्या धोक्यात एका हेडला २१ चौरस मीटर चालतात, मध्यममध्ये १२. तेव्हा ऑफिस म्हणून पास झालेल्या मजल्यावर उद्या कोणी कपड्यांचा स्टॉक भरला, तर सगळे व्हॉल्व्ह उघडे आणि सगळे पंप ऑटोवर असूनही ती सिस्टीम त्या आगीला पुरणार नाही. मजल्याचा वापर बदलण्याचा अर्ज आला की कमिटीनं हा प्रश्न लेखी विचारावा.

सर्व्हर रूमचं विचाराल तर तिथे गॅसची सिस्टीम किंवा प्री-ॲक्शन लावतात. प्री-ॲक्शनमध्ये पाइप रिकामे असतात, आधी डिटेक्टरनं इशारा दिला की पाणी पाइपात येतं आणि मग बल्ब फुटला तरच बाहेर. तुमच्या भाडेकरूच्या दोन रॅकसाठी एवढा खटाटोप नको, रॅक हेडच्या थेट खालून सरकवला तरी पुष्कळ. इलेक्ट्रिकल शाफ्ट आणि इमारतीच्या बाहेरून लावलेल्या एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या पत्र्यांपर्यंत स्प्रिंकलरचा हात पोचत नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

आता तपासणी. तुम्ही स्वतः उभं राहून बघावी अशी चाचणी एकच सांगतो. अलार्म व्हॉल्व्हपाशी एक जाड ड्रेन व्हॉल्व्ह असतो. पाणी स्थिर असताना गेज वाचा, समजा सात. मग ड्रेन पूर्ण उघडा आणि पाणी जोरात जाऊ लागल्यावर काटा कुठे ठरतो ते वाचा, समजा साडेपाच. दोन्ही आकडे तारखेसह भिंतीवर लिहा. पुढच्या वेळी स्थिर आकडा सातच असेल, पण वाहतानाचा तीनवर आला, तर टाकी आणि गेज यांच्यामध्ये कुठला तरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा पाइप गाळानं कोंदलाय. नुसता स्थिर आकडा हे कधीच सांगत नाही, कारण पाणी हलत नसेल तर अर्धवट बंद व्हॉल्व्हमागेही सातच दिसतात. ही चाचणी मजल्यांच्या व्हॉल्व्हपर्यंत मात्र पोचत नाही. त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या शेवटच्या टोकाची टेस्ट चावी उघडा, तिच्यातून एका हेडइतकंच पाणी जातं. दीड मिनिटाच्या आत पॅनेलवर मजला दिसला पाहिजे. पहिलं पाणी काळं आणि वासाचं येईल, घाबरू नका, पाइपात उभं राहिलेलं पाणी तसंच असतं. उलट प्रत्येक वेळी पाइप रिकामे करून ताजं पाणी भरलं की नवा प्राणवायू आत जातो आणि गंज वाढतो, म्हणून उगाच निचरा करू देऊ नका.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, आणि ती जबाबदारी मालक-भोगवटादाराची, एजन्सीची नव्हे. पंपरूमच्या गेजचा फोटो काढून सही करून जाणारे लोक मी बघितले आहेत. एजन्सीला सांगा की ड्रेनचे दोन आकडे आणि प्रत्येक मजल्याच्या फ्लो स्विचची वेळ अहवालात हवी, नाहीतर बिल मंजूर होणार नाही.

चौथ्या मजल्याच्या गळतीसाठी: आधी सीलिंगचा तुकडा काढून पाणी हेडच्या आट्यांतून येतंय, फ्लेक्झिबल होजच्या जोडातून की पाइपाच्या गंजलेल्या सांध्यातून ते बघा. हेड असेल तर जुनं काढून पुन्हा आवळायचं नाही, त्याच तापमानाचं, त्याच के-फॅक्टरचं नवं लावायचं, आणि तेही हेडच्या स्वतःच्या पान्यानं. पाइप-पाना बल्बच्या चौकटीला लावला की ती पिळते आणि बल्ब काही महिन्यांनी एखाद्या रात्री विनाकारण फुटतो. तुमच्या भाडेकरूला ज्याची भीती वाटते ते बहुतेक वेळा असंच घडतं. पंपरूममध्ये निदान सहा जादा हेडं आणि तो पाना पेटीत ठेवलेला असावा. काम चालू असेपर्यंत मजल्यावर एक माणूस आणि एक्स्टिंग्विशर ठेवा. मग पाइप सावकाश भरा, टोकाच्या चावीतून हवा जाऊ द्या, आणि त्याच चावीवर फ्लो स्विच तपासून झाल्यावरच प्लंबरचे पैसे द्या.